घरच्या जुन्या लॅपटॉपला डोंगल जोडताना



आपल्या घरी इंटरनेट चालणारे फोन किती आहेत, हे एकदा मनाशी मोजा. मग दुपारी तीनच्या सुमारास त्यांपैकी घरात किती असतात, तेही मोजा. माझ्या फिरतीच्या गावांत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरी ‘एकही नाही’ असेच येते. फोन कारभाऱ्याच्या खिशात आणि कारभारी रानात. मुलीला कॉलेजचा अर्ज भरायचा असो, वहिनींना बचत गटाचे खाते पाहायचे असो, की सुनेला सातबारा काढायचा असो, सगळे संध्याकाळवर जाते. आणि लाइटची पाळी रात्रीची आली की संध्याकाळही हातची जाते, कारण फोन पुन्हा मोटारीपाशी.

२०२५ च्या जुलैअखेरीस वळसंगला एका घरी गेलो होतो. तूर आणि उडीद पेरलेला, थोडा ऊस उभा. खरीप पीकविम्याची मुदत ३१ तारखेला संपत होती आणि गावातल्या केंद्रावर ही रांग. घरची थोरली मुलगी सोलापूरला बी.एस्सी. शिकते. तिच्या मावसभावाने पुण्याहून आपला जुना लॅपटॉप तिला पाठविला होता. त्यात विंडोज नव्हते, लिनक्स मिंट होते. सोबत इंटरनेटची एक काडी, म्हणजे डोंगल. घरबसल्या विम्याचा अर्ज भरायचा असा तिचा बेत होता आणि दोन दिवस ती त्या काडीशी झटत होती. पलीकडे बसलेल्या आजीला ती कानडीत समजावीत होती की ही काडी म्हणजे फोनचाच भाऊ, फक्त याला तोंड नाही.

“साहेब, ह्याचा दिवा लागतोय, पण नेट काय येईना बघा,” ती मला म्हणाली.

मी कृषी पदवीधर. संगणकाचा तज्ज्ञ नव्हे. पण पंधरा वर्षांपूर्वी अशाच एका काडीने मला पुष्कळ रडविले आहे, त्यामुळे तिची नस थोडी ठाऊक आहे. त्या दिवशी आम्ही दोघांनी जे केले, ते आपल्याही घरी उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो.

लिनक्सचे नाव ऐकून बिचकू नये. विंडोज जसा संगणक चालविणारा मूळ कार्यक्रम, तसाच हाही. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा गाभा लिहिला आणि पुढे जगभरच्या लोकांनी तो वाढविला. विकत घ्यावा लागत नाही आणि जुन्या यंत्रावरही बरा चालतो. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारी नेहमीची मोफत डागडुजी थांबली. त्यामुळे शहरातले बरेच लॅपटॉप आता लिनक्स घालून गावाकडे येणार, असा माझा अंदाज आहे. खेड्याला ही गोष्ट अगदी नवी आहे असेही नाही. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील खैरात या छोट्या गावच्या प्राथमिक शाळेत २००७ सालीच मुलांच्या हाती हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप दिले गेले, ते लिनक्सवरच चालणारे होते.

आधी डोंगलची जात ओळखा

बियाणे पेरण्यापूर्वी आपण पिशवीवरचे वाण वाचतो. डोंगलचेही तसेच करावे. त्या मुलीचे दोन दिवस वाया गेले ते इथेच. तिच्या काडीच्या पाठीवर बारीक अक्षरांत ३जी लिहिलेले होते आणि आत सिम होते जिओचे. जिओची सेवा ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झाली ती मुळात ४जीवरच. तिला ३जी किंवा २जीचे जाळेच नाही. म्हणजे काडी चांगली, सिमही चांगले, लिनक्सचाही दोष नाही, आणि तरी हा संसार जुळणे शक्य नाही. दिवा लागत होता तो फक्त वीज पोचल्याचा.

एअरटेलचे सिम त्याच काडीत घातले तर? एअरटेलने आपली ३जी सेवा २०२० पर्यंत गुंडाळली. काडी मग २जीवर उतरते आणि साधे पान उघडायलाही घाम फुटतो. आम्ही शेजारच्यांचे सिम घालून पाहिले. विम्याचे पान उघडायला लागले ते आजीचा चहा होईपर्यंत अर्धेच उघडले होते.

आणखी एक जुनी जात अनेक कपाटांत पडून आहे, टाटा फोटॉन आणि रिलायन्स नेटकनेक्ट यांची. त्यांतल्या बहुतेक काड्या सीडीएमए नावाच्या तंत्रावर चालत. ती जाळीच आता राहिलेली नाहीत. त्यांच्यावर वेळ घालवू नये. काही काड्या कंपनीने फक्त आपल्याच सिमसाठी कुलूपबंद करून विकलेल्या असतात. दुसऱ्या कंपनीचे सिम घातले की त्या अनलॉकचा आकडा मागतात. कोणी जुनी काडी फुकट देऊ लागले तरी या दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: ४जी आहे का, आणि कुलूप आहे का.

नवीन घेणार असाल तर माझे स्पष्ट मत सांगतो. ज्या काडीला कोणत्याही चार्जरला लावले की ती स्वतःच वायफाय पसरते, तशी घ्यावी. मग लॅपटॉपमध्ये विंडोज आहे की लिनक्स, हा प्रश्नच उरत नाही. मात्र वायफायचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, नाहीतर गल्लीतली पोरे दिवसाचा डाटा सकाळी नऊलाच संपवतील.

लॅपटॉपला डोंगल नव्हे, सीडी दिसते

गावातल्या एका गुरुजींकडे ४जीची काडी होती, कुलूप नसलेली. मुलीचा धाकटा भाऊ सायकलवर जाऊन ती घेऊन आला. सिम घातले, काडी लावली, आणि पडद्यावर एका सीडीचे चित्र उगवले. मुलगी हिरमुसली. मी मात्र मनात म्हटले, आता वाट सापडली.

याचे कारण समजून घ्या, कारण निम्मे लोक इथेच हार मानतात. काडी विकताना कंपनीला सोबत विंडोजसाठीचा कार्यक्रम द्यायचा असतो. वेगळी सीडी देण्याऐवजी तो काडीच्याच पोटात भरून ठेवतात. त्यामुळे लावल्याबरोबर काडी म्हणते, ‘मी सीडी आहे.’ विंडोज आतला कार्यक्रम चालविते आणि तो कार्यक्रम काडीला सांगतो की आता सोंग पुरे, मोडेम हो. आतला तो कार्यक्रम लिनक्सवर चालत नाही. म्हणून लिनक्समध्ये हेच सांगायला यूएसबी-मोडस्विच नावाचा एक छोटा गडी ठेवलेला आहे. मिंट आणि उबुंटू यांच्या मूळ मांडणीत तो बहुधा असतोच. काडी लावल्यावर त्याला अर्धा मिनिट द्यावे. घाईने काढ-घाल करू नये.

काडीने सोंग टाकले की नाही, हे पाहायची एक सोपी युक्ती आहे. मेनूतून टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडा. तिच्यात एल, एस, यू, एस, बी ही पाच इंग्रजी अक्षरे लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता टंकून एंटर दाबा. लॅपटॉपला लावलेल्या यूएसबी वस्तूंची यादी येते. प्रत्येक ओळीत चार खुणा, दोन टिंबे आणि पुन्हा चार खुणा असा एक आकडा असतो. पहिला भाग कंपनीचा, दुसरा वस्तूचा. हुआवेच्या अनेक जुन्या काड्या सीडीच्या सोंगात १२डी१:१४४६ दाखवितात आणि मोडेम झाल्या की १२डी१:१००१. आपल्या काडीचा आकडा वेगळा असेल, त्याने बिघडत नाही. लावल्याबरोबर एकदा पाहा, मिनिटभराने पुन्हा पाहा. दुसरा भाग बदलला असेल तर काम झाले.

आमचा आकडा बदलेना. एकदा तर काडीची ओळच यादीतून नाहीशी झाली आणि परत आली. तेव्हा माझे लक्ष गेले की काडी थेट लॅपटॉपला नव्हे, एका स्वस्त जोडपट्टीला लावली आहे आणि त्याच पट्टीला माऊस आणि पेनड्राइव्हही. साध्या यूएसबी खाचेतून अर्धा अँपिअर वीज मिळते आणि टॉवर शोधताना काडी जवळपास तेवढी एकटीच ओढते. एका डीपीवर जास्त मोटारी चढल्या म्हणजे काय होते, ते तुम्हाला मी सांगायला नको. काडी थेट लॅपटॉपच्या खाचेत लावली, आणि आकडा बदलला.

तरीही न बदलला तर? पडद्यावरच्या त्या सीडीच्या चित्रावर उजवे बटण दाबून इजेक्ट म्हणावे. काही काड्या एवढ्यानेच शहाण्या होतात. नाहीतर मोडस्विच यंत्रात नाही असे समजून सॉफ्टवेअर मॅनेजरमधून बसवावा. त्यासाठी इंटरनेट लागते, आणि इंटरनेटसाठीच तर हा सारा खटाटोप. अशा वेळी कारभाऱ्याचा फोन अर्ध्या तासासाठी उसना घ्या, चार्जिंगच्या वायरीने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. लिनक्स ते आपोआप ओळखते. ज्या घरी फोन दिवसभर घरातच असतो त्यांनी खरे तर डोंगल घेऊच नये. ही वायरच पुरे.

सिम, पिन आणि नाके

सिम आधी फोनमध्ये घालून रिचार्ज चालू आहे ना, नेट येते ना, हे पाहावे. सिमला पिन असेल तर फोनमधूनच ती बंद करावी. मी एकदा अंदाजाने पिन टाकीत बसलो. तीनदा चुकल्यावर सिम बंद होते आणि पक नावाचा आठ आकडी क्रमांक मागते, तो कंपनीकडून मिळवावा लागतो. पकही दहादा चुकला तर सिम कायमचे गेले. मी चार दिवस आणि एक हेलपाटा गमावून हे शिकलो आहे. जुन्या काड्यांना मोठ्या आकाराचे सिम लागते, तेव्हा नव्या सिमची बाहेरची चौकट फेकून देऊ नये. रिकामी चौकट मात्र खाचेत कधी सरकवू नये, आतल्या पितळी काट्यांत ती अडकते.

आता जोडणी. मिंटमध्ये पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात नेटवर्कचे चित्र असते. त्यावर दाबून नेटवर्क कनेक्शन्स उघडा, अधिकच्या खुणेवर दाबा आणि यादीतून मोबाइल ब्रॉडबँड निवडा. मग यंत्र एकेक प्रश्न विचारते. काडी कोणती, देश कोणता, कंपनी कोणती, योजना कोणती. देश भारत. कंपन्यांची यादी मात्र पुष्कळ जुनी असते. बंद पडलेल्या, एकमेकींत विलीन झालेल्या कंपन्यांची नावे तिच्यात अजून नांदतात. त्या मुलीने नाव सारखे दिसले म्हणून जुने रिलायन्स निवडले होते. गाडी पुढे सरकेना.

इथे महत्त्वाचा असतो तो एपीएन. इंटरनेटकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे नाके. प्रत्येक कंपनीचे नाव वेगळे. नाव चुकले की टॉवर सापडतो, रेंजच्या काड्या दिसतात, पण नेट येत नाही. म्हणून यादीत आपली कंपनी नसेल तर ती हाताने लिहिण्याची सोय निवडावी आणि एपीएनच्या रकान्यात नाव स्वतः टंकावे. जिओसाठी जिओनेट, म्हणजे जे, आय, ओ, एन, ई, टी, सलग. बीएसएनएलसाठी बीएसएनएलनेट, तेही सलग. एअरटेलसाठी एअरटेलजीपीआरएस, मग टिंब, मग कॉम. सगळी अक्षरे लहान इंग्रजी लिपीत. वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड हे रकाने कोरे ठेवावेत. पूर्वी *९९# हा क्रमांक फिरवावा लागे आणि तो एका फाइलीत हाताने लिहावा लागे. मी ती फाइल सतरा वेळा लिहिली असेन. आता त्याची गरज राहिलेली नाही.

वळसंग-अक्कलकोटकडील वाचकांनी आणखी एक खूण तपासावी. आपला भाग कर्नाटकाच्या सीमेजवळचा. भीमेकाठच्या गावांत फोन कधी कधी पलीकडचा टॉवर पकडतो, आणि काडी त्याला परका समजून अडून बसते. त्याच जोडणीच्या खिडकीत रोमिंगला परवानगी देणारी एक चौकट आहे, तिच्यात खूण करून ठेवावी.

काही ४जी काड्यांना यातले काहीच लागत नाही. त्या मोडेम न होता थेट नेटवर्क कार्डासारख्या दिसतात आणि लिनक्सला वाटते की भिंतीतली वायर जोडली. मोबाइल ब्रॉडबँडच्या यादीत अशी काडी शोधत बसू नये. ब्राउझर उघडून पत्त्याच्या जागी काडीचा अंकी पत्ता टंकावा. हुआवेच्या काड्यांचा तो बहुधा १९२.१६८.८.१ असतो. काडीचे स्वतःचे पान उघडते आणि एपीएन तिथेच लिहायचा असतो. त्या पानावर संदेशांचाही रकाना असतो. सिमवर येणारे ओटीपी तिथे दिसतात का, हे कामाच्या दिवसाआधी एखादा साधा संदेश पाठवून पाहून घ्यावे.

रेंज, आणि डाटाची उधळपट्टी

आमची जोडणी लागली, पण वेग गोगलगाईचा. ते घर माळवदाचे. दगड-मातीच्या भिंती दोन हात रुंद. उन्हाळ्यात गारवा देणारे घर, पण टॉवरच्या लहरींना तोच गारवा अडवितो. पत्र्याच्या घरात तर याहून वाईट. यूएसबीची एक जाड, आखूड वायर घेतली आणि काडी खिडकीच्या गजाला दोऱ्याने बांधली. वेग लगेच वाढला. वायर फार लांब घेऊ नये, वीज कमी पडते आणि काडी पुन्हा नाटके सुरू करते. पावसाळ्यात खिडकीतून ओल येणार नाही, एवढे बघावे.

लॅपटॉपला डाटाची किंमत कळत नाही. फोन जपून पितो. लॅपटॉप मात्र पाटाने पाणी सोडल्यासारखा डाटा सोडतो. दिवसाला दीड जीबीचा पॅक असला तर मिंटची एकच मोठी डागडुजी तो संपवू शकते. म्हणून अपडेट मॅनेजरमध्ये आपोआप होणारी कामे बंद ठेवावीत आणि महिन्यातून एकदा, मुलगी कॉलेजला लॅपटॉप घेऊन जाईल तेव्हा, तिथल्या वायफायवर ती उरकावीत.

वळसंगच्या त्या घरी दुपारी सव्वाचारला विम्याचे पान पुरते उघडले. मुलीने जमिनीचा गट क्रमांक, पेऱ्याचे क्षेत्र, बँक पासबुक असे एकेक भरत आणले आणि पानाने मागितला ओटीपी. तो जाणार आप्पांच्या फोनवर, आणि आप्पा उसात. ज्यासाठी फोनवाचून चालावे म्हणून एवढे केले, तिथेच फोन आडवा आला. मग आजीने आपला बटणांचा फोन कनवटीचा काढला. मुलीने आप्पांना फोन लावला. मोटारीच्या आवाजात आप्पा सहा आकडे ओरडून सांगू लागले. चौथा आकडा हिने चुकीचा ऐकला, मुदत टळली, दुसरा ओटीपी मागवावा लागला. (घरच्या माणसाने घरच्या माणसाला, स्वतः फोन लावून विचारले म्हणून हे चालले. बँकेतून किंवा विमा कंपनीतून बोलतो म्हणणाऱ्याला हे सहा आकडे कधीही सांगू नयेत.) दुसऱ्या वेळी आप्पांनी मोटार बंद केली आणि आकडे एकेक करून सांगितले.

पावतीचा क्रमांक आला तो तिने वहीत उतरून घेतला. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर, तूर पेरल्याची तारीख लिहिलेली होती तिच्याच शेजारी, पेन्सिलीने लिहिले: ‘काडी थेट खाचेत. अर्धा मिनिट थांबणे. जिओनेट. ओटीपीला आप्पांची मोटार बंद.’